गावातल्याच मुलींना गावासाठी तयार करायचंय? नवीन नर्सिंग ट्यूटरसाठी इंदूरहून चार गोष्टी

तुम्ही नुकत्याच ट्यूटर म्हणून जॉइन झाल्या असाल आणि प्रिन्सिपल मॅडमनी हातात यादी ठेवून सांगितलं असेल की या वीस मुली, कम्युनिटी पोस्टिंग (गावातलं प्रॅक्टिकल) आहे, सोमवारपासून घेऊन जा, तर पोटात गोळा येणारच. मलाही आला होता. मी रामबागेतली, माहेर-सासर दोन्ही इंदूरचंच, खेडं म्हणजे मांडूच्या ट्रिपला जाताना बसच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच, आणि मला पाठवलं कुठे तर धार जिल्ह्यात पार कुक्षीच्या बाजूला, आणि यादीतल्या निम्म्या मुली तिकडच्याच. म्हणजे मी त्यांना त्यांच्याच भागात नेऊन गाव शिकवणार होते! यातली गंमत कळायला मला दोन बॅचेस लागल्या. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितेय.

आधी, या मुली शिकून नेमकं काय करणार आहेत

एएनएम (गावातली नर्स-दाई) दोन वर्षं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी (नर्सिंगची डिग्री) चार, हे तुम्हाला माहितीच आहे. पण तिघींचं गावातलं काम वेगळं असतं आणि आपण सगळ्यांना एकच लेक्चर देतो. एएनएम उपकेंद्रावर असते. उपकेंद्र (सगळ्यात खालचा सरकारी दवाखाना) मैदानी भागात साधारण ५००० लोकसंख्येमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३००० मागे. ऐकायला ३००० कमी वाटतात, पण झाबुआ, अलीराजपूर, धारकडचं गाव म्हणजे आपल्यासारखी घराला घर लागून गल्ली नाही, फलिये (विखुरलेल्या वस्त्या) असतात, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जायचं म्हणजे अर्धा तास. २०१८ पासून उपकेंद्रांचं हेल्थ अँड वेलनेस सेंटर व्हायला लागलं, आता पाटी आयुष्मान आरोग्य मंदिराची, आणि तिथे सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) म्हणून बीएस्सी किंवा जीएनएम झालेली मुलगी बसते. बीपी, शुगर, साधी औषधं हे तीच बघते, आणि डॉक्टर असतो लांब पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात). हे मुलींना पहिल्या दिवशी सांगा, कारण त्यांना वाटत असतं की ही पोस्टिंग म्हणजे सिलॅबसमधला एक टाइमपास आणि खरं नर्सिंग एमवायच्या (इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या) वॉर्डात. अहो, यातल्या कित्येकींची पहिली नोकरी अशाच एका दोन खोल्यांच्या सेंटरवर लागणारेय, तीही बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर. तेही लपवू नका, मुली विचारतातच.

मुलींना नेण्याआधी एकट्याने जाऊन या

आठवडाभर आधी गंगवाल बसस्टँडवरून सकाळची गाडी पकडा आणि जाऊन या. कॉलेजचं पत्र सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) ऑफिसला, तिथून बीएमओ (ब्लॉकचे मेडिकल ऑफिसर), मग पीएचसीचे डॉक्टर, ही साखळी पूर्ण करायलाच लागते आणि प्रत्येक टेबलावर एक झेरॉक्स लागते, जास्तीच्या काढून ठेवा. पण पत्राने फक्त दार उघडतं. घरात नेते ती आशा दीदी आणि आंगनवाडीवाली. त्यांच्याशी अर्धा तास चहा पीत बसा आणि तीन गोष्टी विचारा: हाट (आठवडी बाजार) कुठल्या वारी असतो, लसीकरण कुठल्या वारी, आणि कुठल्या फलियातले लोक आत्ता गुजरातला गेलेत.

ही तिसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. माझ्या पहिल्या वर्षी मी जानेवारीत घरोघर सर्व्हे ठेवला, मुली फॉर्म घेऊन निघाल्या आणि कुलपं मोजून परत आल्या. दिवाळीनंतर घरंच्या घरं मजुरीला जातात, बांधकामावर, शेतावर, आणि होळीच्या आधी भगोरियाला (आदिवासींच्या मेळ्याला) परततात. भगोरियाच्या आठवड्यात पण सर्व्हे ठेवू नका, तेव्हा लोक गावात असतात पण घरी कोणी नसतं आणि तुमच्या निम्म्या मुली पण सुट्टीचा अर्ज देतील, द्या त्यांना सुट्टी. आणि जी गरोदर बाई जाणार असेल तिला मुलींनी एकच सांगायचं, ते मदर-चाइल्ड कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, तिकडच्या नर्सला दाखवा. कार्ड घरी राहिलं की लसीचा हिशोब पुन्हा शून्यापासून.

भाषा (इथे मी चुकले होते)

आमच्याकडे एक मुलगी होती, अभ्यासात यथातथा, वर्गात तोंड उघडायची नाही. लॅबमध्ये रोल प्ले चाललेला, तिने 'पेशंट'शी भिलालीत (तिच्या घरच्या बोलीत) बोलायला सुरुवात केली आणि मी तिला सगळ्यांसमोर टोकलं, हिंदीत बोल, ये कॉलेज है. ती गप्प झाली ती झालीच. पुढे पोस्टिंगला गेलो तेव्हा एका घरात बाळंतीण बाई, चौथा दिवस, आमच्या इंदूरच्या हुशार मुलीने छान पुस्तकी हिंदीत विचारलं, आपको कोई तकलीफ तो नहीं? बाई म्हणाली नहीं. पुढचा प्रश्न, नहीं. त्याच्या पुढचा, तोही नहीं. फॉर्म भरला, सगळं नॉर्मल. निघताना ही गप्प मुलगी उंबऱ्यात बसली आणि त्या बाईशी हळूच काहीतरी बोलली, दोघी हसल्या, आणि मग ती बाई बोलायलाच लागली. दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप येतोय, अंगावरचं जातंय त्याला वास येतोय. म्हणजे सरळ इन्फेक्शन. त्याच दुपारी १०८ बोलावून पाठवलं तिला. मी तिथे उभी होते आणि मला एक शब्द कळला नव्हता.

तर पायरी अशी. पोस्टिंगच्या आधी दोन तास फक्त शब्दांसाठी ठेवा. तिकडच्या मुलींना फळ्यापाशी बोलवा आणि इंदूरच्या मुलींना वहीत लिहू द्या: ताप, चक्कर, अंगावरून जाणं, पाळी, दिवस गेले, बाळ दूध ओढत नाही, हे सगळं तिकडे बायका काय म्हणतात. भिली, भिलाली, निमाडी, प्रत्येकीचं वेगळं निघेल, लिहा सगळं. आपली 'गर्भवती' आणि 'मासिक धर्म' ही सरकारी भिंतीवरची हिंदी, चुलीपाशी बसलेली बाई फार तर 'पेट से' म्हणेल. त्या दिवशी वर्गात शिकवणाऱ्या त्या आणि शिकणारे आपण, आणि नंतर टीम पाडताना प्रत्येक जोडीत एक तिकडची, एक शहरातली. बोलणार तिकडची, लिहिणार शहरातली, दुसऱ्या आठवड्यात उलट.

ही काही माझी शक्कल नाही. आपल्या महाराष्ट्रात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, कित्येकदा अजिबात न शिकलेल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, श्वास मोजण्यापासून इन्फेक्शनवर इंजेक्शन देण्यापर्यंत, आणि १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं की तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशा दीदी बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ना, त्याचं मूळ तिथे आहे. तुमच्या मुली तर बारावी पास आहेत! गाव त्यांना येतंच, आपण हात आणि आकडा शिकवायचा. जमलं तर यातल्या एखाद्या तरी भेटीला मुलीला आशा दीदीबरोबर पाठवा, पुस्तकातलं पोस्टनेटल केअर एका सकाळीत कळतं.

हात: इथे घाई करू नका

चार गोष्टी पक्क्या करून न्या, बाकीचं तिथे शिकतात.

*बीपी.* मुलींच्या वह्या तपासा, वीस बायका आणि सगळ्या १२०/८०. हे खोटं आहे हे त्यांनाही माहिती असतं, ऐकू आलं नाही म्हणायची लाज वाटते म्हणून लिहितात. ओरडू नका. दोन जोड्या कानांचा टीचिंग स्टेथोस्कोप मिळतो तो कॉलेजकडून मागून घ्या, तुम्ही आणि ती एकाच वेळी ऐका, आणि 'मॅडम, नहीं सुनाई दिया' म्हणणाऱ्या पहिल्या मुलीचं सगळ्यांसमोर कौतुक करा. दुसरं, बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढून आली आणि तुम्ही लगेच कफ बांधला तर वाढलेलंच दिसणार. पाच मिनिटं बसवा, बोलू देऊ नका, हात छातीच्या उंचीवर, खाटेवर काही नसलं तर घडी केलेली गोधडी घाला खाली. तिसरं जे पुस्तकात असतं पण कोणी करत नाही ते म्हणजे कफचा साइज. तिकडच्या बायकांचे दंड बारीक, मोठा कफ गुंडाळला की बीपी खरं असतं त्याहून कमी दाखवतं, आणि गरोदर बाईचं १४०/९० आपल्या हातून निसटतं. लहान कफ बॅगेत हवाच. १४०/९० किंवा वर असेल आणि डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय असं म्हणाली तर 'उद्या बघू' नाही.

*श्वास.* बाळाला हात लावायच्या आधी मोजायचा, आईच्या मांडीवर, शांत असताना, झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे वेगाने चाललाय. छाती आत ओढली जातेय का तेही बघायचं. याची प्रॅक्टिस वर्गात होत नाही, डमी श्वास घेत नाही. मी मुलींना सांगते घरी जा, शेजारपाजारची, भावाची, मावशीची पोरं मोजून या, प्रत्येकीने दहा.

*हिमोग्लोबिन.* बोट बाजूने टोचायचं, मधोमध नाही, पहिला थेंब पुसायचा आणि बोट दूध काढल्यासारखं पिळायचं नाही, पिळलं की पाणी मिसळून आकडा खाली येतो. गरोदरपणात ११ च्या खाली रक्त कमी, ७ च्या खाली असेल तर गोळ्या देऊन घरी बसवायचं नाही, वरच्या दवाखान्यात पाठवायचं.

*ओआरएस.* हे सगळ्यात सोपं वाटतं ना? कॉलेजच्या लॅबमध्ये एक लिटरचा मापाचा जार असतो, पाकीट ओतलं, ढवळलं, फुल मार्क्स. आमची एक मुलगी फलियातल्या घरात पाकीट हातात धरून उभी, समोर पितळेचा लोटा, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, आणि जार नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग ती लोट्यातच अख्खं पाकीट टाकणार होती, तेवढ्यात पोराची आजी आत गेली आणि कोल्ड्रिंकची रिकामी एक लिटरची बाटली घेऊन आली. बाटली धुतली, भरली, लोट्याने मोजलं, तीन लोटे आणि वर थोडं. मग त्या पातेल्यातच एक लिटर पाणी घालून आजीने आतून खिळ्याने रेघ मारली. आता त्या घरात कोणी नर्स नसली तरी ओआरएस बरोबर होणार. तेव्हापासून मी जार लॅबमधून काढूनच टाकलाय, डेमो लोटा-पातेल्यानेच. आणि मुलींना सांगा अर्धं पाकीट आत्ता अर्धं संध्याकाळी असं करायचं नाही, एका ग्लासात पाकीट तर मुळीच नाही, मीठ जास्त झालं की बाळाला त्रास. केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी, आया तिसऱ्या दिवशी बंद करतात.

दंडाची पट्टी, वजनकाटा वगैरे आंगनवाडीवाली तुमच्यापेक्षा चांगलं शिकवेल, तिलाच सांगा. फक्त ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल (म्हणजे बाळ गंभीर कुपोषित), हे मुलींना झोपेतही आलं पाहिजे.

प्रश्न कसा विचारायचा

'गोली खा रही हो?' याचं उत्तर जगात सगळीकडे हो असंच येतं. आम्ही एका घरी हो ऐकून निघालो आणि पोरगा धान्याच्या कोठीतून खेळायला आयर्नच्या लाल गोळ्यांची पानं घेऊन आला, सगळी भरलेली. बाई खोटारडी नव्हती हो. सासूला वाटत होतं गोळ्यांनी मूल पोटात फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, आणि नर्सशी वाद कोण घालणार, म्हणून हो. तर मुलींना शिकवा, हो-नाहीवाला प्रश्नच नको. पान दाखवा म्हणा, रिकामे खळगे मोजा. शी काळी होतेय का विचारा, आयर्न पोटात जात असेल तर होते, आणि ते आधीच सांगितलं नाही तर घाबरून बंद करतात. कशाबरोबर घेता विचारा, चहाबरोबर असेल तर फुकट. कॅल्शियमची गोळी आणि आयर्नची गोळी एकत्र गिळत असतील तर वेगवेगळ्या वेळा करून द्या. १८० गोळ्या म्हणजे सहा महिने रोज एक, सोपं नाहीये, आपण पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स तरी कुठे पुरा करतो.

आणखी दोन प्रश्न या भागासाठी खास. पोराचे हातपाय वारंवार दुखतात, सुजतात, डोळे पिवळे दिसतात, असं असेल तर घरात अजून कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का. झाबुआ-अलीराजपूरकडे सिकलसेल बरंच आहे, देशाचं सिकलसेल मिशन सुरूच झालं आपल्या शहडोलमधून, १ जुलै २०२३ ला. अशा पोराला रक्त कमी दिसलं म्हणून मुलीने आपल्या मनाने आयर्न सुरू करायचं नाही, आधी टेस्ट. आणि जवान माणूस खोकतोय, दम लागतोय, टीबीची औषधं घेऊनही बरा नाही, तर विचारायचं काम कुठे केलं. या पट्ट्यातले कितीतरी मजूर गुजरातेत क्वार्ट्झचा दगड दळायच्या कारखान्यांत राबले आणि सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) घेऊन परतले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २३८ मेलेल्या मजुरांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितले ते याच प्रकरणात. धूळ किती वर्षं खाल्ली हा प्रश्न केस शीटवर छापलेला नसतो, पेनने लिहून घ्या.

बडवा, डाम आणि आपली जीभ

कुठेतरी बाळाच्या पोटावर डाम दिलेले दिसतील. न्यूमोनिया झाला, पोट उडायला लागलं की तापलेल्या सळईने देतात. बघून संताप येतो, शहरातल्या मुली रडतात पण. त्या क्षणी भाषण दिलंत तर पुढच्या वेळी ते घर दार लावून घेईल आणि बाळ तुम्हाला दिसणारच नाही. आधी श्वास मोजा, बाळ पाठवायचं असेल तर पाठवा, जखम साफ करा, बोलणं नंतर, आणि ते तिकडच्या मुलीला बोलू द्या. आमच्या एकीने बडव्यालाच (गावातल्या मांत्रिकालाच) गाठलं, तिच्या नात्यातलाच निघाला, त्याला श्वास मोजायला शिकवला आणि म्हणाली, मामा, तुमची पूजा करा, पण पोट असं उडत असेल तर आधी आशा दीदीला हाक मारा. तो ऐकतो की नाही देव जाणे, पण निदान हाक मारायला माणूस आहे हे त्याला माहिती झालं.

लसीचा दिवस

थोडक्यात. कॅरियरमधले आइसपॅक थोडे घाम सुटलेले हवेत, दगडासारखे गोठलेले नकोत, नाहीतर पेंटा (पाच रोगांवरची लस) गोठून खराब. बीसीजी (टीबीची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लस आपापल्या द्रावणात एकदा मिसळली की चार तास, उरली तर टाकायची, सांभाळून ठेवायची नाही. सुई टोचल्यावर हब कटर (सुई कापायचं यंत्र), झाकण परत लावायचं नाही. आईला चार गोष्टी सांगायच्या: कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची कधी, कार्ड सांभाळा. आणि अर्धा तास बसवून ठेवायचं, त्या अर्ध्या तासात गप्पा होतात, निम्मा सर्व्हे तिथेच होतो.

मुलींची काळजी, जी कोणी ऑर्डरमध्ये लिहीत नाही

जोडीनेच पाठवा, कधीही एकटी नाही. चार वाजता सगळ्या आंगनवाडीपाशी. पहिल्याच दिवशी संडास कुठे आहे ते शोधून ठेवा, मुली पाणीच पीत नाहीत दिवसभर आणि मग उन्हात चक्कर येऊन पडतात, माझ्या एका बॅचला एका दिवसात तिघी पडल्या. डबा सोबत, पण कोणी मक्याची रोटी दिली तर खा, नाही म्हणू नका. घरच्यांचं संमतीपत्र, प्रत्येकीच्या घरचा नंबर तुमच्या फोनमध्ये. फोटो काढायचे नाहीत, बाळंतिणीचे तर नाहीच, स्टेटसला टाकायची हौस असते ती आधीच मोडा.

शेवटचा दिवस राखून ठेवा. जे मोजलं ते आशा दीदीला आणि सीएचओला एका कागदावर देऊन या, कुठल्या घरात ७ च्या खालची बाई, कुठे लस राहिलेली, कोण गुजरातेत. आपल्या फायलीत राहिलेला सर्व्हे गावाच्या काय कामाचा. आणि परत आल्यावर दोन दिवस निव्वळ पुस्तकासाठी ठेवा, कारण व्हायव्हाला बाहेरचे एक्झामिनर येतात ते लोट्याचं विचारत नाहीत, पीएचसीची व्याख्या विचारतात, आणि ती आली नाही की मुली तुमच्यावर चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.